झेंडूच्या किनारीची नोटीस

आमच्या इमारतीत त्यांना सगळे टीएक्सटीकाका म्हणायचे. अर्थात मागून. समोर नुसतं काका. हे नाव मीच ठेवलं होतं, तेवढं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला हात जरा मोकळा होईल. पुढचं सांगणं सोपं नाही. त्यात सातव्या मजल्यावरच्या ताई आहेत, त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट आहे, आणि मी आहे.

लालबागची आमची चाळ पाडून तिथे बावीस मजल्यांचा टॉवर झाला तेव्हा चाळीतली माणसं तीच राहिली, फक्त एकमेकांच्या डोक्यावर रचली गेली. काका पाचव्यावर, ताई सातव्यावर, आम्ही नवव्यावर. काकांनी सगळी नोकरी एका छपाई यंत्रांच्या कारखान्यात केली. यंत्र बनवणारे वेगळे, विकणारे वेगळे. काका ते यंत्र कसं चालवायचं याची माहितीपुस्तिका लिहायचे. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण लिहिणं काही सुटलं नाही. मग त्यांनी टॉवरची माहितीपुस्तिका लिहायला घेतली.

पंप.टीएक्सटी. लिफ्ट.टीएक्सटी. गच्चीची किल्ली.टीएक्सटी. पाहुण्यांची गाडी.टीएक्सटी. प्रत्येक गोष्टीची एक फाइल, आणि प्रत्येक फाइल साध्या मजकुराची. त्यात ठळक अक्षर नाही, रंग नाही, चौकट नाही, चित्र तर नाहीच. नुसती अक्षरं, एकाखाली एक. ओळ साठ अक्षरांच्या पुढे जाऊ द्यायची नाही असा त्यांचा नेम होता. त्यांच्या अर्ध्या बाहीच्या शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक सहा इंची पोलादी पट्टी असे. पेनांनी ते काही लिहीत नसत. पट्टी मात्र कॉम्प्युटरच्या पडद्याला लावून ओळी मोजायचे. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि घरी येऊन आईला नक्कल करून दाखवलं आहे.

घरातही तेच. कुकरची रिंग कशी बदलायची त्याची फाइल, गीझरची फाइल, जावयाला त्यांच्या पद्धतीचा चहा कसा करायचा त्याची फाइल. काकी म्हणायच्या की लग्नाला इतकी वर्षं झाली, माझीच फाइल केली नाही अजून. त्यावर काका गंभीरपणे म्हणाले होते की जे स्वतःला नीट कळलेलं नाही त्याची पुस्तिका लिहू नये.

त्यांच्या प्रत्येक फाइलीच्या शेवटी तीन ओळी असत. काय, का आणि कोणी. म्हणजे काय बदललं, का बदललं, आणि ज्या चुकीमुळे बदलावं लागलं ती कोणी केली. यातली एकही ओळ रिकामी सोडायची नाही. एकदा पंपाच्या फाइलीत त्यांनी लिहिलं होतं की हिरवं बटण दाबून धरावं. किती वेळ, ते लिहायचं राहिलं. आमचे रखवालदार नवे होते आणि आज्ञाधारक होते. त्यांनी बटण दाबलं आणि धरून ठेवलं. पाऊण तास. कोणीतरी खाली आलं तेव्हा ते एका हाताने बटण आणि दुसऱ्या हाताने पहिला हात धरून उभे होते. सगळी इमारत हसली. काका हसले नाहीत. त्यांनी रखवालदारांना घरी नेऊन चहा पाजला, माफी मागितली आणि फाइलीत लिहिलं. काय: बटण पाच सेकंद धरावं असं लिहिलं. का: रखवालदार पाऊण तास उभे राहिले. कोणी: मी.

तेव्हापासून त्यांनी आणखी एक नियम केला. नवी फाइल लिहिली की ती ज्याच्यासाठी आहे त्याच्या हातात द्यायची आणि शेजारी उभं राहायचं. तोंड उघडायचं नाही. तो अडखळला तरी समजावून सांगायचं नाही. जिथे अडखळला तिथे आपली चूक. मला ते म्हणायचे, "वाचणारा घाईत आहे आणि थोडा घाबरलेला आहे, असं धरून लिहायचं. खुशीत असलेला माणूस पुस्तिका उघडत नाही."

चित्रांशी त्यांचं वैर होतं. आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी गुलाब, समई, उगवता सूर्य आणि शुभ सकाळ यांचा पाऊस पडतो. काका त्यातलं एकही उघडत नसत. कोणी लग्नपत्रिकेचा फोटो टाकला की खाली त्यांचं उत्तर ठरलेलं: कृपया लिहून कळवावे. मुलीचं लग्न ठरलेल्या माणसाला असं उत्तर आलं की तो बिचारा खट्टू व्हायचा. मग काका जिन्यात भेटून त्याला सांगायचे, "चित्राला काही विचारता येत नाही हो. मजकुरात तारीख शोधता येते." माणूस मान डोलवायचा आणि पुढे येऊन मला सांगायचा. मी आणखी दोघांना सांगायचो.

मी डिझाइनचं काम करतो. लोअर परळला एका जाहिरात कंपनीत आहे. त्यामुळे ग्रुप सांभाळायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. काका फाइल लिहायचे, मी ती ग्रुपवर टाकायचो. एक दिवस सेक्रेटरींनी मला पार्किंगमध्ये गाठलं. ते अस्सल मालवणी. म्हणाले, "एवढा कोण वाचतलो रे? जरा फुलाबिला टाक, बघूक बरा वाटता." मला तेवढंच हवं होतं.

एका रविवारी दुपारी बसून मी काकांच्या सगळ्या फाइलींची चित्रं केली. त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम जुळवला. एका बाजूने टीएक्सटी फाइल आत टाकायची, दुसऱ्या बाजूने चित्र बाहेर. मागे फिकट पिवळा रंग, चारी बाजूंनी झेंडूची किनार, वर सोनेरी वळणदार अक्षरांत इमारतीचं नाव. पंपाची सूचनासुद्धा साखरपुड्याच्या पत्रिकेसारखी दिसायला लागली. ग्रुपवर टाकली आणि अंगठे, टाळ्या, हात जोडलेले, सगळं आलं. ज्यांनी आयुष्यात पंपाकडे पाहिलं नव्हतं त्यांनीही मस्त, मस्त म्हणून लिहिलं. ऑफिसात माझ्या कामाला इतकं कोणी चांगलं म्हणत नाही. मी ते सगळं दोनदा वाचलं.

संध्याकाळी काका आले. दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. मला वाटलं, ओळी साठ अक्षरांच्या पुढे गेल्या म्हणून आले असतील. पण ते ताईंबद्दल बोलायला आले होते.

ताईंना जन्मापासून दिसत नाही. फोर्टातल्या एका बँकेच्या कचेरीत त्या टेलिफोन ऑपरेटर आहेत. चाळीत वाढल्या, तिथल्या गॅलरीचा प्रत्येक खांब त्यांना पाठ होता, आणि टॉवरमध्ये आल्यावर महिन्याभरात त्यांनी टॉवरही पाठ केला. इमारतीत त्या काठी उघडत नसत. माणसं चपलांवरून ओळखायच्या. मला एकदा लिफ्टमध्ये म्हणाल्या होत्या, "डिझाइनवाला ना तू? डावी चप्पल घासतोस." संध्याकाळी त्या दार उघडं ठेवून खुर्चीत बसत, मांडीवर ब्रेलचं जाडजूड पुस्तक, आणि उजव्या हाताचं पहिलं बोट ओळीवरून सरकत असे. येताजाता दिसायचं. बाकीचं सगळं त्यांचा फोन त्यांना वाचून दाखवायचा. ग्रुपवर मजकूर आला की फोनमधली बाई एकाच सुरात तो म्हणून दाखवायची. आता काही फोन म्हणे चित्रातली अक्षरंही ओळखतात. ताईंचा ओळखत नव्हता, आणि माझी वळणदार सोनेरी अक्षरं ओळखणारा फोन अजून निघायचा असेल. चित्र आलं की त्यांचा फोन एवढंच म्हणायचा: फोटो.

हे सगळं मला काकांनी त्या संध्याकाळी दारात उभं राहून सांगितलं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. म्हणाले, "तुझं चित्र टाक. लोकांना आवडतंय तर टाक. पण खाली मजकूरही टाकत जा. तिला फोटो ऐकू येत नाही."

मी हो म्हणालो. आणि दोन आठवडे टाकलाही. मग एकदा मजकूर टाकायचा राहिला आणि कोणी काही म्हणालं नाही. मग पुन्हा राहिला. खरं सांगायचं तर राहिला नाही, मी टाकला नाही. झेंडूच्या किनारीखाली तो काळा मजकूर लोंबताना मला वाईट दिसायचा. चित्राची शोभा जायची. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी गेल्या काही वर्षांत शोधून पाहिलं आहे, सापडलेलं नाही.

मग पूर्वेकडच्या जिन्याचं काम निघालं. चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पायऱ्यांच्या लाद्या उखडल्या होत्या, त्या काढून नव्या बसवायच्या होत्या. त्याच दिवशी दोन्ही लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद. काकांनी सूचना लिहून मला पाठवली. अकरा ते चार लिफ्ट बंद. पूर्वेकडचा जिना वापरू नये. चौथ्याच्या खाली पायऱ्या काढल्या आहेत. पश्चिमेकडचा जिना वापरावा. चार वाक्यं, एकही ओळ साठ अक्षरांच्या पुढे नाही. मी तिचं चित्र केलं, ग्रुपवर टाकलं, आणि छापून चौथ्या मजल्यावर पूर्वेकडच्या जिन्याच्या तोंडाशी चिकटवलंही. कंत्राटदाराच्या माणसांनी खालच्या बाजूने दोरी बांधली होती. वरच्या बाजूला माझा कागद होता, झेंडूच्या किनारीचा.

तो सुट्टीचा शनिवार होता. सकाळी नेहमीचे गुलाब आणि सूर्य आले. ताईंचा फोन म्हणाला, फोटो, फोटो, फोटो. त्यातला एक माझा. ताईंना भाचीच्या लग्नाची साडी फॉल-पिकोला दिलेली आणायला हिंदमाताला जायचं होतं. लिफ्टचं बटण दाबलं, लिफ्ट आली नाही. पूर्वेकडचा जिना त्यांच्या दारापासून सात पावलांवर आहे. त्या निघाल्या. माझ्या कागदाच्या शेजारून खाली उतरल्या.

मनगट दोन ठिकाणी मोडलं. सळई घातली, हाड जुळलंही. पण आतली नस दुखावली होती, आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक बधिर झालं ते झालंच. डॉक्टर म्हणाले, हात चालेल, कामाला अडचण नाही. कामाला नव्हतीच. फोन डाव्या हातानेही घेता येतो.

महिन्याभराने आई मला घेऊन त्यांना बघायला गेली. शहाळी नेली होती. ताई त्याच खुर्चीत होत्या, मांडीवर तेच पुस्तक, आणि आता डावं बोट ओळीवर. पहिलीतलं मूल वाचतं तसं चाललं होतं. एका शब्दावर थांबायचं, मागे जायचं, पुन्हा पुढे. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या की डावं बोट शिकायलाच तयार नाही, ते फार जुनं झालं. आई रडली. मी शहाळी कुठे ठेवू म्हणून विचारलं. तेवढ्यात ताई माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "तुझ्या नोटिसा फार सुंदर असतात म्हणे रे. सगळ्या पोरी सांगतात."

यात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. त्यांना ती नोटीस मी कशी पाठवली होती हे ठाऊकच नव्हतं. त्यांना वाटत होतं, सूचना आली असेल, आपल्याच फोनने गडबड केली. मी म्हणालो, "हो." बस, तेवढंच म्हणालो. आणि शहाळी ओट्यावर ठेवली.

इमारतीची सभा खाली पार्किंगमध्ये झाली. मी खुर्च्या मांडत होतो आणि माइक नीट करत होतो, म्हणजे मला बसायची गरज पडणार नव्हती. कोणीतरी विचारलं की ताईंपर्यंत सूचना कशी पोचली नाही, हे काम कोणाचं. सेक्रेटरींनी इकडे तिकडे पाहिलं. मी माइकच्या वायरीकडे पाहिलं. मग काका उठले. खिशातली पट्टी एकदा चाचपली आणि म्हणाले, "सूचना मी लिहितो. तिला पोचली की नाही ते बघणं माझं काम होतं. मी तिच्याशेजारी जाऊन उभा राहिलो नाही. चूक माझी आहे." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, हातात वायर होती, माइक चालू होता. मला फक्त तो तोंडाशी न्यायचा होता. मी नेला नाही.

मग लोक बोलले. वय झालं काका, आता सोडा हे. नव्या पिढीला करू दे. नवी पिढी म्हणजे मी. सूचनांचं सगळं काम कमिटीने माझ्याकडे दिलं, आणि मी ते घेतलं. घरी आल्यावर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "करून गेलो गाव नि कांदळकाराचा नाव." करणारा भलताच आणि नाव दुसऱ्याचं, असं झालं की आमच्याकडे हे म्हणतात. तिला काही माहीत नव्हतं. काकांनी कधी असं केलं नसतं, एवढंच तिला ठाऊक होतं. मी जेवायला बसलो.

काका त्यानंतरही भेटायचे. जिन्यात, गेटवर, शिवाजी पार्कला चक्कर मारून येताना. तसेच बोलायचे. उलट मीच त्यांना टाळायला लागलो. पाचव्या मजल्यावर लिफ्ट थांबली की मी फोन कानाला लावायचो. कधी वाटायचं, हा माणूस एकदा तरी मला धरून खडसावेल तर बरं. त्यांनी तेवढी मेहेरबानी केली नाही.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्या कॉम्प्युटरवर ‘मी गेल्यावर.टीएक्सटी’ नावाची फाइल होती, ती काकींनी उघडून दाखवली. कोणाला कळवायचं, बँकेची पासबुकं कुठे, डोळे कुठे दान करायचे, सगळं क्रमाने. त्यात एक ओळ अशी: फोटो लावू नये, हार घालू नये, नाव लिहून ठेवावं. म्हणून त्यांच्या तेराव्याला पाटावर फोटो नव्हता. एका कोऱ्या कागदावर त्यांचं नाव होतं आणि पुढे निरांजन. आलेली माणसं गोंधळून कागदाला नमस्कार करत होती. मला हसू आलं, आणि ते रडण्यात कधी गेलं ते कळलं नाही.

काकींनी कॉम्प्युटर मला बघायला सांगितला, तुलाच त्यातलं कळतं म्हणून. त्यात एक फोल्डर होतं. सभेनंतर मी ग्रुपवर टाकलेली प्रत्येक नोटीस त्यात होती. गणपतीची वर्गणी, टाकीची सफाई, पाण्याच्या वेळा, होळीच्या दिवशी गच्ची बंद. माझं प्रत्येक चित्र उघडून काकांनी त्यातला मजकूर पुन्हा टाइप केला होता, साठ अक्षरांच्या ओळींत, आणि ताईंना पाठवला होता. जो माणूस आयुष्यभर एकही चित्र उघडत नव्हता, त्याने माझी एकूणएक चित्रं उघडली होती.

त्या फोल्डरमधली पहिली फाइल मात्र सभेच्या आधीची, पूर्वेकडच्या जिन्याची होती. तिच्या शेवटच्या तीन ओळी मी इथे जशाच्या तशा देतो.

काय: सूचना मजकुरात दिली.
का: आधी फक्त चित्र गेलं होतं. ताई पडल्या.
कोणी:

तिसरी ओळ रिकामी. इतक्या वर्षांच्या सगळ्या फाइलींत रिकामी असलेली ही एकच. सभेत ते माझ्यासाठी खोटं बोलले. फाइलीत खोटं लिहिणं त्यांना जमलं नसावं, आणि माझं नाव लिहिणं त्यांना बरं वाटलं नसावं. ती जागा त्यांनी मला ठेवली. मला ती दोन वर्षांपूर्वी सापडली, आणि दोन वर्षं मी ती उघडतो आणि बंद करतो.

इतकं मात्र केलं आहे. झेंडूची किनार तेव्हाच काढून टाकली. सूचना आता साध्या मजकुरात जातात. लोक कुरकुरतात, सेक्रेटरी म्हणतात, तुका काय झाला रे, काका अंगात इलो काय. मी पुढची सूचना टाइप करतो. पण सूचना मजकुरात टाकणं म्हणजे कबुली नव्हे, हे मला कळतं.

म्हणून हे सगळं मी लिहिलं, आणि साध्या मजकुरात लिहिलं. ही फाइल आज संध्याकाळी ताईंना पाठवणार आहे. त्यांच्या फोनमधली बाई पंप, पाणी आणि हे, सगळं एकाच सुरात वाचेल. काकांचा नियम होता की जिच्यासाठी लिहिलं तिच्या शेजारी जाऊन उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. तेवढं मी करणार आहे.

काय: राहिलेली ओळ भरली.
का: ती काकांची नव्हती.
कोणी: मी, नवव्या मजल्यावरचा, डावी चप्पल घासणारा.

ताई, हे ऐकून झालं की हाक मारा. मी दारात उभा आहे.